सांगायचे कोणाला?

बराकीतल्या अरुंद फळीवर दोघांना झोपावे लागे. एकाचे डोके दुसऱ्याच्या पायाशी. १९४४ साली, जर्मनव्याप्त पोलंडमधल्या एका छळछावणीत, अशा फळीवर झोपणाऱ्या पंचविशीतल्या एका इटालियन तरुणाला पुन्हा पुन्हा एकच स्वप्न पडे. तो घरी पोहोचला आहे. समोर बहीण आहे, मित्र आहे, आणखीही बरीच माणसे आहेत. तो त्यांना सगळे सांगतो आहे: भूक कशी असते, उवा आहेत का ते कसे तपासतात, फळीवरचा शेजारी सरकवावासा वाटतो पण तो अंगाने भारी म्हणून धीर कसा होत नाही. सांगण्याचे सुख त्याच्या अंगभर पसरते. आणि मग ध्यानात येते की कोणीच ऐकत नाही. माणसे आपापसात भलतेच काही बोलू लागली आहेत. बहीण त्याच्याकडे एकदा बघते, उठते आणि एक शब्दही न बोलता निघून जाते.

सकाळी त्याने हे स्वप्न अल्बेर्तो नावाच्या मित्राला सांगितले. अल्बेर्तो म्हणाला, मलाही हेच पडते. नंतर कळले की छावणीत कितीतरी जणांना हेच पडते.

त्या तरुणाचे नाव प्रीमो लेव्ही. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ, पुढे विसाव्या शतकातला एक थोर लेखक. छळछावण्यांबद्दल आपण वाचतो तेव्हा सहसा आकडे वाचतो. नाझींनी सुमारे ६० लाख ज्यू मारले, एकट्या ऑशविट्झमध्ये सुमारे ११ लाख माणसे मेली आणि त्यातले सुमारे १० लाख ज्यू होते. हे आकडे माहीत असायलाच हवेत. पण लेव्हींची पुस्तके वाचताना माझ्या मनात घर करून राहिले ते हे स्वप्न. जगून वाचलेल्या माणसाला पुढची सगळी वर्षे काय करायचे असते, ते या स्वप्नात आधीच लिहिलेले होते. त्याला ऐकणारा शोधायचा असतो.

लेव्हींचा जन्म ३१ जुलै १९१९ रोजी उत्तर इटलीतल्या तुरीन शहरात झाला. ज्या घरात जन्मले, त्याच घरात ते जवळजवळ सारे आयुष्य राहिले. इटलीत ज्यूंची संख्या हजारात एक इतकीच होती आणि ती माणसे शतकानुशतके तिथलीच झालेली होती. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंना गावाने ‘शनवार तेली’ म्हणून आपल्यात धरले होते, तशी ही माणसे तुरीनमध्ये इटालियनांतले इटालियन होती. वडील इंजिनीअर, घरात देवधर्माचे अवडंबर नव्हते, पुस्तके मात्र भरपूर होती. ज्यू असणे ही आपल्याबद्दलची एक किरकोळ बाब आहे, असे लेव्हींना विशीपर्यंत वाटत असे.

१९३८ च्या शरद ऋतूत मुसोलिनीच्या सरकारने वंशकायदे आणले आणि ही किरकोळ बाबच एकाएकी माणसाची सगळी ओळख होऊन बसली. ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या, ज्यू शिक्षकांना काढून टाकले, ज्यू आणि इतर इटालियन यांच्यातल्या विवाहांवर बंदी आली. विद्यापीठात आधीच दाखल झालेल्यांना शिक्षण पुरे करण्याची मुभा होती, म्हणून लेव्हींना १९४१ साली पदवी मिळाली. गुण सर्वोच्च, वर विशेष प्रावीण्याचा शेरा. आणि त्याच प्रमाणपत्रावर आणखी एक नोंद होती: ‘ज्यू वंशाचा’. एवढ्या गुणांच्या मुलाला नोकरी मिळवायला आडमार्ग शोधावे लागले.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने दोस्त राष्ट्रांशी युद्धबंदी केली आणि जर्मन फौजांनी देशाचा उत्तर भाग ताब्यात घेतला. लेव्ही काही मित्रांबरोबर आओस्ता खोऱ्यातल्या डोंगरांत गेले. ती गनिमी तुकडी होती म्हणायची. हत्यारे नाहीत, अनुभव नाही, पैसा नाही. १३ डिसेंबरच्या पहाटे फॅसिस्ट शिपायांनी त्यांना पकडले. गनिमी लढवय्ये म्हणून कबुली दिली तर गोळी घालतील, या भीतीने लेव्हींनी आपण ज्यू असल्याचे सांगितले. जीव वाचवण्यासाठी दिलेले ते उत्तर त्यांना मोदेना शहराजवळच्या फॉसोलीच्या छावणीत आणि तिथून ऑशविट्झला घेऊन गेले.

फॉसोलीतल्या शेवटच्या रात्रीबद्दल त्यांनी लिहिलेले विसरता येत नाही. उद्या सगळ्यांना हलवणार, एवढेच कळले होते. कुठे ते कोणी सांगितले नव्हते, पण समजायचे ते मोठ्यांना समजले होते. कोणी प्रार्थना करत बसले, कोणी दारू प्यायले. बायकांनी मात्र प्रवासासाठी खायचे करून घेतले, मुलांना न्हाऊमाखू घातले, सामान बांधले. पहाट झाली तेव्हा छावणीच्या काटेरी तारांवर लहान मुलांचे धुतलेले कपडे वाळत होते.

२२ फेब्रुवारी १९४४ रोजी ६५० माणसे मालगाडीच्या १२ डब्यांत कोंबली गेली. हजेरी झाली तेव्हा अधिकाऱ्याने विचारलेला शब्द ‘माणसे’ नव्हता. गोदामातला माल मोजावा तसे किती ‘नग’ आहेत, असे त्याने विचारले. लेव्हींच्या डब्यात ४५ जण होते. चार दिवस पाण्याशिवाय. २६ तारखेच्या रात्री गाडी थांबली, दिव्यांच्या झगझगीत प्रकाशात माणसांची दोन बाजूंना विभागणी झाली आणि दहा मिनिटांत सगळे आटोपले. ९६ पुरुष आणि २९ स्त्रिया कामासाठी निवडल्या गेल्या. उरलेले पाचशेहून अधिक, म्हणजे म्हातारे, मुले आणि बहुतेक सगळ्या आया, दोन दिवसांनंतर जिवंत नव्हते. ज्यांच्या दुपट्यांनी तारा भरल्या होत्या ती मुले यांतच होती. लेव्हींच्या डब्यातल्या ४५ जणांपैकी चार जण पुन्हा आपल्या घरी पोहोचले.

ऑशविट्झ ही एक छावणी नव्हती, छावण्यांचा पसारा होता. लेव्हींना मोनोविट्झला नेले. आय. जी. फार्बेन या बलाढ्य जर्मन रसायन कंपनीने तिथे ‘बुना’ हे कृत्रिम रबर बनवण्यासाठी अवाढव्य कारखाना उभारायला घेतला होता आणि मजूर म्हणून कैदी भाड्याने घेतले होते. चार वर्षे ते काम चालले, हजारोंनी माणसे त्यात झिजून मेली. त्या कारखान्यातून कृत्रिम रबर कधी बाहेर पडलेच नाही.

तिथे माणसे कशाने मरत? गॅस चेंबर होतेच, पण कितीतरी जण त्याआधीच संपत. लेव्ही याकडे रसायनतज्ज्ञाच्या नजरेने बघतात. कारण आणि परिणाम, प्रमाण आणि वजन. पाय घ्या. कैद्याला मिळणारे लाकडी तळव्याचे बूट मापाचे नसत. बुटाने फोड येतो, फोड चिघळतो, पाय सुजतो, माणूस लंगडतो, लंगडणारा मागे पडतो आणि मागे पडलेला गॅस चेंबरसाठीच्या पुढच्या निवडीत जातो. किंवा भाषा घ्या. जर्मन हुकूम कळला नाही की फटका बसे. दुसऱ्यांदाही कळला नाही तर आणखी जोरात. इटलीहून आलेल्यांपैकी अनेक जण पहिल्या काही आठवड्यांतच गेले. वरवर बघता कारण भूक आणि थंडी, पण मुळाशी गेले तर त्यांना काही विचारता येत नव्हते आणि सांगितलेले समजत नव्हते. लेव्हींना रसायनशास्त्राच्या पुस्तकांमुळे थोडीफार जर्मन येत होती. त्यांनी अल्सासच्या एका कैद्याला आपल्या वाट्याचा पाव देऊन त्याच्याकडून आणखी जर्मन शिकून घेतली. उपाशी माणसाने पोटाचा पाव देऊन शब्द विकत घेतले. याहून शहाणा सौदा मी आयुष्यात केला नाही, असेच त्यांना पुढे वाटत राहिले.

आणि चमचा. सूप मिळे, पण चमचा मिळत नसे. नव्या कैद्याने वाडग्यात तोंड घालून जनावरासारखे लपलप प्यावे किंवा पाव देऊन चोरबाजारात चमचा विकत घ्यावा. छावणी सुटली तेव्हा तिथल्या कोठारात हजारो कोरे चमचे सापडले. शिवाय कैद्यांच्या सामानातून काढून घेतलेले अल्युमिनियमचे, पोलादाचे, चांदीचेही चमचे तिथे पडून होते. म्हणजे टंचाई नव्हती. माणसाला माणसासारखे जेवू द्यायचे नाही, हे कोणीतरी ठरवले होते. लेव्हींनी या प्रकाराला ‘निरुपयोगी हिंसा’ असे नाव दिले. कामाच्या दृष्टीनेही हिचा काही उपयोग नव्हता. दुखवणे एवढाच तिचा हेतू.

लेव्ही वाचले कसे? या प्रश्नाला त्यांनी कधीही शौर्याचे उत्तर दिले नाही. नशीब, असेच ते म्हणत, आणि मग नशिबाचे एकेक तुकडे मोजून दाखवत. एक तुकडा म्हणजे त्यांची पदवी. कारखान्याला रसायन जाणणारे कैदी हवे होते, म्हणून परीक्षा घेतली गेली. डॉक्टर पान्विट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाने टेबलामागून मान वर करून त्यांच्याकडे पाहिले. ती नजर, लेव्ही लिहितात, एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे टाकलेली नव्हती. काचेच्या टाकीतल्या निराळ्या जातीच्या प्राण्याकडे पाहावे तशी होती. परीक्षेहून परतताना मुकादमाचा हात वंगणाने माखला. त्याने तो लेव्हींच्या खांद्याला पुसला, पुढून आणि मागून, आणि चालू लागला. त्यात द्वेष नव्हता, राग नव्हता, फडके जवळ होते एवढेच. लेव्हींनी त्या माणसाचा आणि त्याच्यासारख्या असंख्यांचा न्याय याच एका कृतीवरून केला, आणि मला तो न्याय अगदी पटतो.

वर्षअखेरीस ते कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागले. आत ऊब होती. पोलंडच्या हिवाळ्यात ऊब म्हणजे आयुष्य. तिथे त्यांना नाव न लिहिलेल्या एका बरणीत राखाडी रंगाच्या छोट्या कांड्या सापडल्या. चाकूने खरवडल्या की ठिणगी उडे. तो लोह आणि सिरियम यांचा मिश्रधातू होता, सिगारेटच्या लायटरमध्ये ठिणगीसाठी वापरतात तो. लेव्हींनी ४० कांड्या चोरल्या. रात्री पांघरुणाखाली ते आणि अल्बेर्तो कांड्या घासून लायटरच्या मापाचे खडे करत बसत. पेंढ्याच्या गादीवर ठिणगी पडली असती तर आग, आणि आगीनंतर फाशी. एका कांडीचे तीन खडे, ४० कांड्यांचे १२०. एका खड्याला एका दिवसाचा पाव. दोघांना मिळून १२० दिवसांचा, म्हणजे प्रत्येकाला दोन महिन्यांचा जीव. रशियन फौजा दोन महिन्यांत येतील, असा त्यांचा हिशेब होता.

नशिबाचा दुसरा तुकडा मात्र पदवीने दिलेला नव्हता. त्याचे नाव लोरेन्झो पेरोने. तुरीनच्या दक्षिणेकडल्या फॉसानो गावचा गवंडी, फारसा न शिकलेला, बोलायला अत्यंत तुटक. तो कैदी नव्हता, कारखान्याच्या बांधकामावर आलेला मजूर होता. कैद्याशी बोलणेही गुन्हा असताना त्याने जवळपास सहा महिने रोज लेव्हींसाठी सूप आणले. स्वतःचे उरलेले आणि आपल्या माणसांच्या भांड्यांत तळाला राहिलेले तो गोळा करत असे. एक ठिगळांचा अंगरखा दिला. लेव्हींच्या वतीने इटलीला पत्र लिहिले आणि उत्तरही आणून दिले. बदल्यात काही घ्यायला तो तयार नसे.

एके दिवशी सुपात माती आणि खडे आले. लोरेन्झोने तेवढ्याबद्दल माफी मागितली, बाकी काही बोलला नाही. कितीतरी दिवसांनी लेव्हींना कळले की त्या दिवशी विमानहल्ल्यात बॉम्ब त्याच्या जवळच फुटला होता, सुपाचा डबा मातीखाली गेला होता आणि लोरेन्झोच्या कानाचा पडदा फाटला होता. तरी तो डबा घेऊन आला होता. लोरेन्झोमुळे मी माणूस आहे हे विसरलो नाही, अशी नोंद लेव्हींनी केली आहे. सुपातले उष्मांक त्यांनी मोजले होतेच, पण त्यांना जगवले ते बाहेर अजून एखादे सरळ माणूस शिल्लक आहे या खात्रीने.

जानेवारी १९४५ मध्ये रशियन तोफांचे आवाज येऊ लागले तेव्हा लेव्हींना स्कार्लेट फीवर झाला आणि त्यांना संसर्गजन्य रुग्णांच्या खोलीत टाकले. १८ जानेवारीला जर्मनांनी चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून पश्चिमेकडे हाकलत नेले. अल्बेर्तो निरोप घ्यायला खिडकीशी आला होता. धडधाकट अल्बेर्तो त्या वाटचालीत नाहीसा झाला. तापाने फणफणलेले लेव्ही मागे राहिले म्हणून वाचले. मोनोविट्झच्या दवाखान्यात सुमारे आठशे आजारी माणसे पहाऱ्याविना, अन्नाविना उरली. रशियन येईपर्यंतच्या दहा दिवसांत त्यांतली सुमारे पाचशे मेली.

त्या दहा दिवसांतला एक प्रसंग. लेव्ही आणि दोन फ्रेंच सोबती बाहेर जाऊन उद्ध्वस्त बराकींतून एक शेगडी आणि काही बटाटे घेऊन आले. खोली उबदार झाली. मग आजाऱ्यांपैकी एकाने सुचवले की या तिघांना प्रत्येकाने आपल्या पावाची एक चकती द्यावी, आणि सगळ्यांनी ते मान्य केले. आदल्या दिवसापर्यंत त्या छावणीचा कायदा होता की आपला पाव खा आणि जमले तर शेजाऱ्याचाही. लेव्हींच्या मते छावणी मेली ती त्या क्षणी. २७ जानेवारीला चार रशियन घोडेस्वार कुंपणापाशी येऊन थांबले तेव्हा लेव्ही एका मृत सोबत्याला बाहेर नेत होते. ते तरुण सैनिक हसले नाहीत, काही बोलले नाहीत. दुसऱ्याने केलेल्या अपराधाची लाज चांगल्या माणसाला वाटते, ती त्यांच्या चेहऱ्यावर होती.

घरी जायला आणखी जवळपास नऊ महिने लागले. युद्धाने मोडून पडलेल्या युरोपात रेल्वेगाड्या जिकडे जात तिकडे ही माणसे गेली: पोलंडमधले कातोवित्से, मग आणखी पूर्वेला बेलारूस, मग रुमानिया, हंगेरी, ऑस्ट्रिया. कातोवित्सेला असताना रशियन अधिकाऱ्यांनी लेव्ही आणि त्यांच्याबरोबरच्या एका इटालियन डॉक्टरला छावणीतल्या आरोग्यस्थितीचा अहवाल लिहायला सांगितला. तो पुढच्या वर्षी तुरीनमध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. म्हणजे लेव्हींचे ऑशविट्झवरचे पहिले लेखन डॉक्टरांसाठीचा अहवाल होता. कोणीतरी विचारले म्हणून दिलेले उत्तर.

१९ ऑक्टोबर १९४५ रोजी ते तुरीनला आपल्या दारात उभे राहिले. सुजलेला चेहरा, वाढलेली दाढी, अंगावर चिंध्या. घरच्यांना ओळख पटवून द्यावी लागली. घर उभे होते, आई आणि बहीण जिवंत होत्या. कित्येक महिने ते रस्त्याने खाली बघत चालायचे, जमिनीवर खाण्याजोगे काही पडलेले दिसते का ते शोधत. आणि बोलत सुटायचे. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते ऑशविट्झबद्दल सांगू लागत. सांगितल्याशिवाय राहवत नसे. जवळच्याच एका रंगकारखान्यात नोकरी मिळाली तेव्हा कामाच्या मधल्या वेळात, रात्री कारखान्याच्या वसतिगृहात, आगगाडीत, मिळेल त्या कागदावर ते लिहीत राहिले. १९४६ च्या अखेरीस पुस्तक तयार झाले.

आणि छावणीतले ते स्वप्न तंतोतंत खरे ठरले. आयनाउदी या तुरीनच्याच मानाच्या प्रकाशनसंस्थेने हस्तलिखित परत केले. तिथे ते वाचणाऱ्यांत नातालिया गिन्झबुर्ग होत्या. स्वतः ज्यू, आणि त्यांचे पती फॅसिस्टविरोधी कामापायी तुरुंगात मरण पावलेले. त्यांना दुःख कळत नव्हते असे कोण म्हणेल? पण १९४७ च्या इटलीला घरे बांधायची होती, पोटाला लावायचे होते, युद्ध विसरायचे होते. दे सिल्वा नावाच्या लहानशा प्रकाशनाने ‘हा जर माणूस असेल’ अशा अर्थाच्या नावाने २,५०० प्रती काढल्या. सुमारे दीड हजार खपल्या. उरलेल्यांपैकी काहीशे प्रती फ्लॉरेन्सच्या एका गोदामात पडून होत्या; १९६६ च्या महापुरात त्या बुडाल्या.

ऐकायला तयार नसणे दर वेळी निष्ठुरपणातून येत नाही. परतल्यावर लेव्ही अल्बेर्तोच्या घरी गेले. त्यांनी बोलायला सुरुवात करताच आईने थांबवले. आपला मुलगा वाचला आहे, तो रशियात कुठेतरी आहे, अशी तिची धारणा होती. वर्षभराने पुन्हा गेले तेव्हा ती कहाणी आणखी पक्की झाली होती: अल्बेर्तो एका रशियन दवाखान्यात आहे, त्याची स्मृती गेली आहे, पण तो बरा होतो आहे. जो माणूस गाडीतल्या परक्यांना थांबवून खरे सांगत होता, तो या आईसमोर गप्प बसला. मला वाटते, लेव्हींच्या सगळ्या साक्षीत हे मौन फार मोठे आहे.

लोरेन्झो पायी चालत इटलीला परतला होता. वाटेत तुरीनला थांबून त्याने लेव्हींच्या आईला सांगितले की ऑशविट्झचे ज्यू सगळे मेले, मुलाची आशा धरू नका. लेव्ही परतल्यावर लोकरीचा स्वेटर घेऊन फॉसानोला गेले. समोर थकलेला माणूस होता. त्याने जग पाहिले होते आणि त्याला ते आवडले नव्हते. तो पीत राहिला, क्षयाने खंगला आणि १९५२ साली गेला. जो छावणीतला कैदीही नव्हता, तो छावणीनेच मेला. तिथे त्याने इतरांनाही मदत केली होती, हे लेव्हींना मागाहून कळले. लोरेन्झोने स्वतः कधी सांगितले नव्हते. लेव्हींच्या मुलीच्या नावात आणि मुलाच्या नावात लोरेन्झोचे नाव आहे. १९९८ साली इस्रायलच्या याद वाशेम या स्मृतिसंस्थेने ज्यूंना वाचवणाऱ्यांच्या गौरवयादीत त्याला स्थान दिले.

लेव्हींनी लग्न केले, संसार केला आणि १९४८ पासून सुमारे तीस वर्षे तुरीनजवळच्या एका रंग-वार्निशच्या कारखान्यात नोकरी केली. तांब्याच्या तारांवर चढवायच्या विद्युतरोधक लेपात ते तज्ज्ञ होते. कामानिमित्त जर्मनीलाही जावे लागे. एकदा तिथल्या कंपनीतली बैठक संपताना त्यांनी ‘आता निघूया’ अशा अर्थाचे वाक्य जर्मनमध्ये म्हटले आणि समोरचे चपापले. ते वाक्य ‘चला, सटका’ इतके रांगडे होते. लेव्हींनी स्पष्ट केले की मी तुमची भाषा शाळेत शिकलो नाही, ऑशविट्झ नावाच्या छावणीत शिकलो. पाव देऊन घेतलेले शब्द असे तीस वर्षे पुरले.

१९५८ मध्ये आयनाउदीनेच ते पुस्तक पुन्हा काढले आणि या वेळी ते वाचले गेले. १९६१ साली जर्मन भाषांतर आले. लेव्हींच्या मनात या पुस्तकाचे खरे वाचक जर्मनच होते. भाषांतरातला छावणीचा कर्कशपणा गुळगुळीत होऊ नये म्हणून त्यांनी प्रत्येक प्रकरण तपासले, भाषांतरकाराशी शब्दाशब्दावर वाद घातला. पुढच्या तीनेक वर्षांत जर्मन वाचकांची सुमारे ४० पत्रे आली. काहींत सबबी होत्या, काहींत खरी लाज. वीसबाडेनच्या एका बाईंशी तर पुढे कितीतरी वर्षे, त्यांच्या मृत्यूपर्यंत, पत्रव्यवहार चालला. त्यांनीच बुनाच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या एका जर्मन रसायनतज्ज्ञाचा पत्ता शोधून दिला. १९७५ च्या ‘आवर्त सारणी’ या पुस्तकात लेव्हींनी त्याला म्युलर हे नाव दिले आणि सापडण्याची कथाही बदलली. हा माणूस क्रूर नव्हता. त्याने लेव्हींना कातडी बूट मिळवून दिले होते. आणि तू इतका काळजीत का दिसतोस, असेही त्याने निरागसपणे विचारले होते. धुराड्यांच्या सावलीत काम करणाऱ्याने विचारलेला हा प्रश्न! पत्रांतून तो पश्चात्तापही व्यक्त करत होता आणि काही न दिसल्याचे समाधानही बाळगत होता. भेट होण्याआधीच तो वारला. लेव्हींनी त्याला माफ केले नाही, राक्षसही ठरवले नाही. डोळे असून न पाहणाऱ्या सामान्य माणसाचे माप त्यांनी नीट घेतले आणि ते जसे निघाले तसे लिहिले. ‘आवर्त सारणी’ला २००६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या एका कार्यक्रमात आजवरचे सर्वोत्तम विज्ञानपुस्तक म्हणून पसंती मिळाली.

ते शंभराहून अधिक शाळांत बोलायला गेले. एका पाचवीच्या मुलाने विचारले, तुम्ही पळून का नाही गेलात? लेव्हींनी कारणे सांगितली. मुलाचे समाधान होईना. त्याने फळ्यावर छावणीचा नकाशा काढायला लावला, मनोरे, फाटके, तारा, वीजघर सगळे. मग पुढे येऊन बेत सांगितला: रात्री पहारेकऱ्याचा गळा चिरायचा, त्याचे कपडे घालायचे, वीज बंद करायची आणि निघायचे. शेवटी त्याने लेव्हींना बजावले की पुन्हा असे झाले तर मी सांगितले तसेच करा, नक्की जमेल. या मुलाने मनापासून ऐकले होते. तरी त्याने ऐकलेली गोष्ट चित्रपटातली होती. घडून गेलेले आणि लोकांना कल्पनेत दिसणारे यांच्यातली दरी वर्षागणिक रुंदावते आहे, हे लेव्हींना अशा प्रसंगांतून दिसत गेले.

१९८६ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, आलेल्या ‘बुडालेले आणि वाचलेले’ या पुस्तकात त्यांनी साक्षीदाराच्या स्वतःच्याच अधिकारावर बोट ठेवले. आम्ही वाचलेले हे खरे साक्षीदार नव्हे, असे ते म्हणतात. खरे साक्षीदार तळापर्यंत गेले, आणि जे तळाला गेले ते सांगायला परतले नाहीत, किंवा मुके होऊन परतले. आम्ही अपवाद, कोणाच्या अंगी कसब होते, कोणाला ओळख लाभली, कोणाचे नशीब. पाव वाटणाऱ्या, पंक्ती लावणाऱ्या, चार फटके मारून एक वाडगा जास्त मिळवणाऱ्या कैद्यांच्या प्रदेशाला त्यांनी ‘करडा प्रदेश’ म्हटले. तिथे न्यायाधीश होण्याची घाई करू नका, मात्र ज्यांनी तो प्रदेश निर्माण केला त्यांचा अपराध त्यामुळे तसूभरही कमी होत नाही, हे त्यांनी ठामपणे लिहिले. वाचल्याची लाज त्यांना शेवटपर्यंत सोडून गेली नाही. आपण कोणाची जागा घेतली का? कोणी विचारले नाही तरी हा प्रश्न ते स्वतःला विचारत राहिले.

११ एप्रिल १९८७ रोजी तुरीनच्या त्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावरून जिन्याच्या पोकळीत पडून त्यांचा मृत्यू झाला. नैराश्य होते, नुकतीच शस्त्रक्रिया झाली होती, घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आई होती. तपासात आत्महत्येचा निष्कर्ष निघाला. त्यांना ओळखणाऱ्या काहींना तो कधीच पटला नाही. त्या एका क्षणावरून चाळीस वर्षांच्या साक्षीचा अर्थ लावू नये, असे मला वाटते. पुस्तके आहेत, ती शुद्धीवर लिहिलेली आहेत.

१७४५१७ हा आकडा त्यांच्या डाव्या हातावर कोपराखाली गोंदलेला होता. पुसून का टाकत नाही, असे तरुण मुले विचारत, आणि त्यांना नवल वाटे: का म्हणून पुसायचा? ही साक्ष अंगावर बाळगणारे जगात आता फारसे उरलेले नाहीत. लेव्ही तो आकडा मिरवत नसत आणि लपवतही नसत. नुसत्या कुतूहलाने कोणी दाखवा म्हटले तर नाखुशीने दाखवत. माझा विश्वास नाही, असे म्हणणारा भेटला तर मात्र लगेच बाही वर करत, रागाने.